आक-केनची भिंत

विझेनबाख, जर्मनी
१२ नोव्हेंबर १९९४

प्रिय बुरुल,

सलाम. तुझ्या एर्गेशला, थोरल्या दिरांना सापार आकेंना, मीरगुल पोरीला, सगळ्यांना माझा सलाम सांग.

पोचलो एवढं कळवायलाही मी इतके महिने लावले, म्हणजे तू मला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या असशील. घाल. आधी आमच्यासारख्या परतून आलेल्या जर्मनांच्या एका छावणीत ठेवलं, मग दुसऱ्या, आणि दर वेळी 'पत्ता बदलणार आहे, जरा थांबू' म्हणत मी लिहायचं पुढे ढकलत गेले. आता घर मिळालंय. तिसरा मजला, दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या लोकांच्या खिडक्या दिसतात. डोंगर नाही. सकाळी उठल्यावर मान आपोआप वर जाते आणि वर काहीच नसतं.

तिकडे जन्मभर आम्ही 'ते जर्मन'. इथे पावाच्या दुकानातली बाई आईचं बोलणं ऐकून विचारते, "तुम्ही रशियातल्या का?" आईची जर्मन तिच्या आजीच्या काळातली, इथे ती कुणाला नीट कळत नाही. घरी येऊन आई म्हणाली, "इर्मा, मेल्यावर तरी ठरेल का गं आपण कोण ते?" मला हसू आलं. तिला नाही आलं.

मला वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम मिळालंय. चादरी, चादरी आणि चादरी. आक-केनच्या कचेरीत बसून मी कागद रंगवायचे तेव्हा तू म्हणायचीस, "हिला खरं काम द्या म्हणजे कळेल." कळलं बाई.

आता तुझ्याकडे मागणं. बाबांच्या थडग्यावरचं गवत वसंतात एकदा काढशील ना? आणि त्यांची भिंत, खाणीतला तो दगडी शिंपल्यांनी भरलेला उभा कडा, कशी आहे, तेही लिही. सगळ्या खाणीला सुरुंग लागले, पण तेवढा भाग बाबांनी वाचवला. त्यात गारगोटी आहे, क्रशरचे दात मोडतील, असं मोठ्या साहेबांना सांगत राहिले म्हणून वाचला. आई रोज विचारते. थडग्याचं कमी आणि भिंतीचं जास्त. तिला वाटतं बाबा तिथेच आहेत, हातात भिंग घेऊन, शिंपल्यांना नाकं लावून.

तुझी,
इर्मा

आक-केन
३ मार्च १९९५

इर्मा,

सलाम, परदेशी बाई. पत्र मिळालं. पाकिटावरचं तिकीट मीरगुलने पाण्यात भिजवून काढून घेतलं, आणि आत काय लिहिलंय ते मी सापार आकेंपासून शेजारच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. 'चादरी'वर सगळे हसले. तुझ्या आईच्या, फ्रीदा एजेंच्या वाक्यावर कुणी हसलं नाही.

इथलं काय सांगू. खाण बंदच आहे. दिवाळं वाजल्याचं सांगायला राजधानीतून माणूस आला होता, त्याने स्वतःच्या बुटांकडे बघत सगळं सांगितलं. क्रेन तोडून भंगारात गेली. मालगाडीचे रूळ कोणी उचलून नेले ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. वीज संध्याकाळी येते, कधी येत नाही. तुझ्या कचेरीत आता कबुतरं बसतात. तुझ्यापेक्षा जास्त काम करतात.

एर्गेश सुरुवातीला दारात बसून असायचा. पंधरा वर्षं क्रशर चालवलेला माणूस. शांतता त्याला सोसवेना. म्हणायचा, "कानात काहीतरी बिघडलंय." मग त्याने खाणीखालची जुनी भट्टी डागडुजी करून पेटवली. आता चुना भाजतो. तळाशी खडीचे ढीग पडलेत, त्यातलाच दगड. खालच्या गावांत घरं रंगवायला, झाडांच्या बुंध्यांना लावायला चुना लागतोच. गाढवावर लादून नेतो. माझ्या हातांना भेगा पडल्यात आणि दोघंही खोकतो, पण चूल पेटते. वस्तीतली निम्मी घरं रिकामी झाली, आमचं नाही झालं, ते या भट्टीमुळे.

थडग्यावरचं गवत काढीन. सांगायची गरज नव्हती.

भिंत उभी आहे. भिंतीला काय होणार? पस्तीस कोटी वर्षं झाली म्हणायचे ना तुझे बाबा, गेनरिख आके? मग माझ्या एका पत्राइतका वेळ ती थांबेल.

फ्रीदा एजेंना सांग, मेल्यावर कोण ते ठरत नसतं, कुठे ते ठरतं. आणि त्यांना एवढ्यात मरायची परवानगी नाही.

बुरुल

विझेनबाख
२० सप्टेंबर १९९५

प्रिय बुरुल,

तुला आज जे सांगायचंय ते तू खरं मानणार नाहीस.

इथून बसने तासाभरावर चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. धुलाईघरातल्या बायकांची सहल तिथे गेली होती. मी म्हटलं, खाण बघायला सहल? आमच्याकडे खाणीतून लोक पळून जायचे. पण गेले. बुरुल, दारात तिकीट घ्यावं लागतं. कुंपण आहे, पायऱ्या केल्यात, कठडे लावलेत, फलक लावलेत. शाळेतली पोरं रांगेने येतात आणि दगडातल्या शिंपल्यांवर बोट न लावता बघतात. बोट लावलं तर बाई ओरडतात. आणि तिथली भिंत, तुला सांगते, आपल्या भिंतीपुढे काहीच नाही. चार पोवळी आणि दोन शिंपले.

मला तिथे उभं राहून रडू आलं. बाबा तीस वर्षं ज्याला त्याला सांगत फिरले की हा समुद्राचा तळ आहे, देवाने उभा करून ठेवलाय, बघा जरा. आणि त्यांना लोक 'वेडा जर्मन' म्हणायचे.

तिथे संग्रहालयाचे डॉक्टर हार्म्स म्हणून आहेत. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगायला लागले. आधी ते नुसते मान हलवत होते. मग मी पुढच्या रविवारी बाबांचे फोटो घेऊन गेले. भिंतीचा तो मोठा फोटो, ज्यात तू आणि मी पायथ्याशी बसून दगडी मणी दोऱ्यात ओवतोय, तो त्यांनी खिडकीशी नेला आणि चष्मा काढला. मग म्हणाले, "हे अजून आहे?" मी म्हटलं, "आहे. माझी मैत्रीण तिथेच राहते."

ते राजधानीतल्या अकादमीला पत्र लिहिणार आहेत. ती भिंत राखीव व्हावी, जगातल्या लोकांनी ती पाहावी म्हणतात. आईला सांगितलं तर तिने त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण केलं.

विचार कर, आक-केनला बाहेरून माणसं येतील. तू दारात बसून तळलेले बोरसोक विकशील आणि प्रत्येकाला दोन टोमणे फुकट देशील.

तुझी,
इर्मा

आक-केन
१५ डिसेंबर १९९५

इर्मा,

पत्र पोचायला दोन महिने लागले आणि उत्तर द्यायला मला अजून थोडे लागले. घरात आजारपण होतं. आता बरं आहे.

तुझ्या डॉक्टरांना माझा सलाम सांग आणि हेही सांग की घाई करू नका. पुलाखालचा रस्ता वाहून गेलाय. हिवाळ्यात लांडगे वस्तीपर्यंत येतात. परवाच सापार आकेंची मेंढी नेली. शिवाय इथे राहायला जागा नाही, खायला कुरुताचे वाळलेल्या दह्याचे गोळे आणि वाळके जर्दाळू. तिकिटं काढून दगड बघणाऱ्या माणसांना हे सोसायचं नाही.

आणि भिंतीचं म्हणशील तर, इतकी वर्षं कुणी लक्ष दिलं नाही म्हणून ती टिकली. लक्ष दिलेल्या गोष्टी इथे टिकत नाहीत. क्रेनकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

एर्गेशला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "इर्मा तिकडे जाऊन मोठी माणूस झाली." मग बाहेर गेला आणि लाकडं फोडत बसला.

फ्रीदा एजे जेवल्या हे वाचून बरं वाटलं.

बुरुल

विझेनबाख
८ मे १९९६

प्रिय बुरुल,

आई गेली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. झोपेतच.

शेवटच्या दिवसांत तिला इथलं काही आठवत नव्हतं. मला विचारायची, "गेनरिख खाणीतून आला का?" मी म्हणायची, येतोय. एका दुपारी मी तिला सांगितलं की अकादमीचं उत्तर आलं, मंडळी या उन्हाळ्यात भिंत बघायला जाणार. ते मात्र तिला नीट कळलं. माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे त्याचं खोटं नव्हतं." एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी फारशी बोलली नाही, पण चेहरा शांत होता. तुझे लांडगेही मी तिला सांगितले होते. हसली होती. म्हणाली, "बुरुलला पाहुण्यांची कटकट नको असेल." मी डॉक्टर हार्म्सनाही सांगितलं. ते म्हणाले, लांडगे असलेल्या जागीच चांगले खडक असतात.

ते जुलैच्या शेवटी येतील. सोबत राजधानीतल्या अकादमीच्या एक बाई असतील. मला यायचं होतं, पण आईच्या आजारपणात सगळी रजा संपली. तू माझ्या जागी उभी राहा. बाबांनी आपल्याला जिथून भिंत दाखवली होती ना, पश्चिमेच्या दरडीवरून, संध्याकाळच्या उन्हात, तिथूनच त्यांना दाखव.

माझं दुसरं कुणी उरलं नाही तिथे. तूच आहेस.

इर्मा

आक-केन
११ ऑगस्ट १९९६

इर्मा, बाई गं,

फ्रीदा एजेंसाठी आम्ही रिवाजाप्रमाणे घरी बोरसोक तळले, कुराण वाचलं. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या म्हणून मुल्ला जरा कुरकुरला. सापार आके त्याला म्हणाले, "चाळीस वर्षं तिच्या हातचं लोणचं खाल्लंस, तेव्हा विचारलंस का?" मग त्याने वाचलं.

तुझी माणसं आली. तीन दिवस राहिली. सगळं सांगते.

तुझे डॉक्टर काठीसारखे उंच, उन्हाने नाक सोललेलं. गाडीतून उतरले, कुणाशी बोलले नाहीत, सरळ भिंतीकडे चालत गेले आणि तिच्या पायथ्याशी पालथे पडले. पोटावर. आम्हाला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर ते दगडाला गाल लावून काहीतरी पुटपुटत होते. एर्गेश मला हळूच म्हणाला, "बायकोशीही असा वागत नसेल हा." अकादमीच्या बाईंना ते ऐकू गेलं. त्या हसल्या, आणि नशीब, त्यांनी भाषांतर केलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना पश्चिमेच्या दरडीवर नेलं. ऊन भिंतीवर आलं, थर न् थर उघडा पडला, खाली देठांसारखे मणी, मध्ये पोवळी, वर ते गुंडाळलेले शिंपले. तू सांगितलंस म्हणून मी तुझ्या जागी उभी राहिले. डॉक्टर रडले. मला काय करावं कळेना, मी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातला साहेब आला. चामड्याचा कोट, भर उन्हाळ्यात. सगळ्या वस्तीला गोळा केलं आणि सांगितलं, "आजपासून ही जागा सरकारी संरक्षणात. कुंपण लागेल. आतला खडासुद्धा हलवायचा नाही."

एर्गेशने विचारलं, "खालच्या ढिगातला?"

"कुठलाच नाही. कुंपणाच्या आत म्हणजे आत."

"मग लोकांनी घरं कशाने रंगवायची?"

"बाजारातून आणायचा चुना."

"बाजारात चुना मीच नेतो, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसला. मग त्याने कागदावर शिक्का मारला.

डॉक्टरांनी जाण्याआधी भिंतीच्या डाव्या टोकाला हात लावून विचारलं, "हा भाग अलीकडेच तुटलेला दिसतो. कुणी काढला का?" एर्गेश म्हणाला, "हिवाळ्यात बर्फाने सुटला." मी एर्गेशकडे बघितलं नाही.

आता तुला सांगितलंच पाहिजे. खडीचे ढीग गेल्या वर्षीच संपले. त्यानंतर आमचा दगड त्या टोकाचा होता. फार नाही. मीच त्याला म्हणायचे, शिंपल्यांचा भाग सोड, कडेचा घे. तुला लिहिताना हात अडखळायचा, म्हणून लिहिलं नाही. तुझी आई त्या भिंतीवर जगत होती, आणि आम्हीही.

असू दे. झालं ते झालं. एर्गेश म्हणतो, डोंगराच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडे, चुनखडी आहे. पूर्वी कुणीतरी थोडी खणून सोडून दिलेली. तिथला दगड मला आवडत नाही, मधे मधे मातीचे पट्टे आहेत. पण माझी आवड कोण विचारतो.

डॉक्टर तुझ्या वडिलांच्या थडग्यावरही गेले. टोपी काढून उभे राहिले. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

बुरुल

विझेनबाख
१९ जानेवारी १९९७

प्रिय बुरुल,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. डॉक्टर पोटावर पडले तो भाग मी त्यांनाच वाचून दाखवला. एर्गेशचं वाक्यही. ते लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांची सेक्रेटरी दार उघडून बघायला आली.

इथल्या वर्तमानपत्रात छापून आलंय. भिंतीचा फोटो, बाबांचा फोटो, खाली नाव. सोबत कात्रण पाठवतेय. फलक तीन भाषांत होणार आहे आणि त्यावर बाबांचं नाव असेल: 'गेनरिख वाइबर्ट यांनी ही भिंत राखली.' मी धुलाईघरात सगळ्यांना कात्रण दाखवलं. इतके दिवस मी त्यांच्यासाठी 'ती रशियन' होते. परवा एकीने विचारलं, "तुझे वडील शास्त्रज्ञ होते?" मी हो म्हणाले.

टोकाच्या दगडाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबा असते तर दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी एर्गेशबरोबर बुद्धिबळ खेळायला बसले असते. आणि एर्गेशला दुसरीकडे दगड मिळाला हे फार छान झालं. मला तीच काळजी होती. कुंपणाला राखणदार लागेल तेव्हा त्याचंच नाव मी डॉक्टरांना सुचवणार आहे. पुढच्या भेटीत नक्की बोलते.

कुंपण लागलं का? फलक दिसतो कसा? फोटो काढून पाठव ना.

तुझी,
इर्मा

विझेनबाख
२ जुलै १९९७

प्रिय बुरुल,

जानेवारीचं, मार्चचं आणि मेचं, माझ्या तिन्ही पत्रांना उत्तर नाही. टपाल हरवतंय का? की माझ्यावर रुसलीस? रुसली असलीस तर तसं लिही. तुझ्या शिव्याही चालतील.

अकादमीच्या बाईंनी डॉक्टरांना कळवलंय की कुंपण लागलं, फलक बसला. तुमच्याबद्दल त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.

एक ओळ तरी लिही.

इर्मा

आक-केन
२३ ऑगस्ट १९९७

इर्मा गेनरिखोव्ना यांस,

तुमची पत्रं पोचली आहेत. टपालाचा दोष नाही. माझ्या भावजयीने ती न फोडता पेटीत ठेवली आहेत. तुम्हाला काही कळवू नका असं तिने आम्हाला सांगितलं होतं. मी घरातला मोठा आहे, म्हणून मी लिहितो.

माझा धाकटा भाऊ एर्गेश मार्चमध्ये वारला. ओढ्याकडच्या बाजूला दगड काढताना. बर्फ वितळत होतं, मातीच्या पट्ट्यांत पाणी मुरलं होतं. त्याने खालून पोखरलं आणि वरचं सगळं बसलं. सकाळी भाकरी घेऊन गेला होता. दुपारी बुरुल चहा घेऊन गेली तेव्हा तिला गाढव दिसलं, एर्गेश दिसला नाही.

आम्ही सगळ्यांनी हातांनी, पहारींनी दगड उपसला. तो सापडला तेव्हा न्यायला फळी नव्हती. पोरांनी नव्या कुंपणाचं फाटक बिजागरीतून उचकटून आणलं. त्याच्यावर घालून त्याला खाली आणलं. जिल्ह्याचा साहेब चार दिवसांनी आला आणि फाटक कुठे आहे म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

मी त्या खाणीत तीस वर्षं सुरुंग भरण्याचं काम केलं. भिंतीच्या टोकाला एर्गेश दोन उन्हाळे दगड काढत होता. त्या दगडातून कधी कुणाच्या डोक्यावर खडा पडला नाही. तो दगड एकसंध आहे. तिथे तो सुरक्षित होता, एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं.

तुमच्या वडिलांना मी मान देत होतो. त्यांना मी खांदा दिला. तुम्हाला या अंगणात लहानाची मोठी होताना पाहिलं. हे रागाने लिहिलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही मुद्दाम काही केलंत असंही मी म्हणत नाही. तुम्ही विचारलं नाहीत. तिकडून विचारायला हवं होतं की या लोकांचं पोट कशावर चालतं.

तुमच्या पाकिटांत वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर आता पाठवू नका.

सापार

विझेनबाख
१४ सप्टेंबर १९९७

बुरुल,

सापार आकेंचं पत्र मिळालं. त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलंय.

मी तुझं गेल्या ऑगस्टचं पत्र काढून वाचलं. 'तिथला दगड मला आवडत नाही.' तू लिहिलं होतंस. मातीचे पट्टे आहेत, हेही लिहिलं होतंस. ते पत्र घड्या फाटेपर्यंत वाचलं म्हणून मी तुला कळवलं होतं ना? मी डॉक्टरांचं रडणं वाचत होते. बाबांचं थडगं वाचत होते. तुझी ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली आणि मी उत्तरात लिहिलं, 'फार छान झालं.' तू ते पाकीट फोडलेलं नाहीस असं आके लिहितात. फोडू नकोस. जाळून टाक.

राखणदारीसाठी एर्गेशचं नाव सुचवणार होते. सुचवलं नाही. पुढच्या भेटीत, पुढच्या भेटीत करत राहिले, आणि तोपर्यंत मार्च आला.

काल डॉक्टर हार्म्सकडे गेले. त्यांना पत्र तोंडी सांगितलं आणि म्हटलं, ते कुंपण काढायला सांगा. लोकांना त्यांचा दगड परत द्या. त्यांनी समोरचा कागद ओढला. म्हणाले, "मी लिहीन. तुम्ही म्हणाल तसं लिहीन." मला त्यांचीही दया येत नाही, माझीही येत नाही.

बुरुल, वसंतात मी येते. रजा मिळो न मिळो. मी तुझ्यापुढे येऊन उभी राहते, मग तुला काय करायचं ते कर.

इर्मा

आक-केन
१९ एप्रिल १९९८

इर्मा,

एर्गेशचं वर्षाचं जेवण झालं. काळे कपडे उतरवले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून तुझी सगळी पाकिटं एका बैठकीत फोडली. जानेवारीचंही. जाळ म्हणालीस, पण मी कुणाची पत्रं जाळत नाही. वाचलं. 'फार छान झालं' हेही वाचलं. तेव्हा मिळालं असतं तर मला काही वाटलं नसतं. आम्हालाही वाटत होतं की छान झालं. भट्टी पुन्हा पेटली होती.

सापार आके म्हणतात ते खरं आहे, आणि पूर्ण खरं नाही. एर्गेशला मीही थांबवलं नाही. दगड आवडत नाही असं तुला लिहिलं, त्याला एकदाच म्हणाले. तो म्हणाला, "मग काय, बसू का पुन्हा दारात?" त्याला दारात बसलेला बघणं मला नको होतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. त्या भिंतीत गारगोटी नव्हती. तिच्या दगडाच्या पहिल्याच भट्टीत एर्गेशला कळलं. तिच्याइतका पांढरा चुना आख्ख्या खाणीत दुसऱ्या कुठल्या दगडाचा निघाला नाही. गेनरिख आकेंनी साहेबांना सरळ थाप मारली होती. एर्गेश किती हसला होता त्या दिवशी. म्हणाला, "म्हातारा एवढा सज्जन दिसायचा." तुला सांगणार होतो आम्ही, कधीतरी, तू आल्यावर.

तो गेल्यावर चाळीसावा दिवस झाला आणि मी त्याचा घण घेऊन वर गेले. भिंत फोडायला. तुला आवडेल असं सांगायचं तर शिंपला दिसला आणि माझा हात थांबला, असं सांगायला हवं. तसं झालं नाही. शिंपले दिसत होते आणि मी त्यांच्यावरच मारत होते. खांदे भरून आले, घण उचलेना, तेव्हा खाली बसले. सापार आके मागे येऊन उभे होते. कधीपासून ते ठाऊक नाही. म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग उद्या परत ये." दुसऱ्या दिवशी मी गेले नाही.

या महिन्यात तुझे डॉक्टर पुन्हा आले. या वेळी पालथे पडले नाहीत. एर्गेशच्या मातीवर गेले, तिथे आमच्यासारखे उकिडवे बसले, दोन्ही हात वर करून. कुणाकडून शिकून आले असतील. मग भिंतीशी आले, फुटलेला भाग पाहिला. मी म्हटलं, "तो मी फोडला." अकादमीच्या बाईंनी भाषांतर केलं. डॉक्टरांनी मान हलवली.

मग कुंपणाचं विचारलं. इर्मा सांगते काढा, तुम्हीही सांगत असाल तर मी तसं लिहून देतो, म्हणाले.

मी नको म्हटलं. तूही आता कुणाला सांगू नकोस. आज काढलं, तर गेल्या वर्षी का नाही काढलं, हे मला रोज सकाळी उठून विचारावं लागेल. ते विचारत मला जगता येणार नाही. असू दे.

राखणदारीची जागा मला दिलीय. सापार आके आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच फाटक दुरुस्त करून बसवून दिलं. मी रोज वर जाते. माणसं फारशी येत नाहीत. गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांची एक गाडी आली होती. मुलं चांगली होती. एका मुलीने विचारलं, "इथे एकट्या कंटाळत नाही का?" मी म्हटलं, "नाही." ओढ्याकडच्या बाजूला कुणाला जाऊ देत नाही. ती कुंपणात नाही, पण मी जाऊ देत नाही.

तुझ्या येण्याचं. या वर्षी येऊ नकोस. आलीस तर तू पाहुणी, आणि दारात आलेल्या पाहुणीला आमच्यात कडवं बोलत नाहीत. मला तुझ्यापुढे चहा ओतावा लागेल, तुझ्या उशीला नवी खोळ घालावी लागेल. माझं तुझ्यावर रागावून अजून झालेलं नाही. ते पत्रातच होऊ दे.

तू लिहीत जा. आता मी पाकिटं फोडते.

बुरुल